झोपेतला स्ट्रोक आणि स्कॅनची निवड: एका पहाटेचं प्रकरण

पार्श्वभूमी

पहाटे ६:२२ ला ६१ वर्षांच्या एका बाईंना त्यांचा मुलगा कॅज्युअल्टीत घेऊन आला. ५:४० ला तो त्यांना उठवायला गेला तेव्हा त्या पलंगाच्या कडेला बसलेल्या होत्या. उजवा हात मांडीवर लुळा पडलेला, तोंड डावीकडे ओढलेलं. बोललेलं त्यांना अर्धवट कळत होतं. उत्तर द्यायला गेल्या की ओठ हलायचे, पण शब्द फुटायचा नाही.

त्या रात्री न्यूरॉलॉजीचा ऑन-कॉल डॉक्टर मी होतो. ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. वेळा मात्र केसपेपरवरच्याच ठेवल्या आहेत, कारण या प्रकरणातला प्रत्येक निर्णय वेळेवर येऊन अडत होता.

तपासणीत उजवा हात जवळजवळ हलत नव्हता, पाय थोडा कमजोर होता, वाचा गेलेली होती. स्ट्रोकची तीव्रता मोजण्याच्या एनआयएचएसएस या मोजपट्टीवर ११ गुण झाले. या मोजपट्टीवर शून्य म्हणजे काहीच दोष नाही आणि ४२ म्हणजे सगळ्यात वाईट. ११ हा आकडा मधला वाटतो, पण बोलणं आणि उजवा हात दोन्ही गेलेल्या माणसासाठी तो मधला नसतो.

बोटातून रक्त काढून साखर पाहिली, १४२. हे स्कॅनच्या आधीच करायचं असतं. साखर फार खाली गेली तरी हुबेहूब लकव्यासारखी लक्षणं दिसतात. रक्तदाब १७२/९४. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं असेल तर तो १८५/११० च्या खाली लागतो, म्हणजे तिथे अडचण नव्हती. नाडी अनियमित लागत होती. औषधांत रक्तदाबाची गोळी आणि ॲस्पिरिन. रक्त पातळ करणारं दुसरं काही नाही. मुलगा आणखी एक गोष्ट म्हणाला: सहा वर्षांपूर्वी आईच्या हृदयाचं काहीतरी झालं होतं, "छातीत काहीतरी बसवलंय". नेमकं काय, ते त्याला सांगता येईना.

केसपेपरवर ड्युटीवरच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं: शेवटचं ठीक असल्याची वेळ, रात्री १०:३०. मी ते वाचलं आणि पुढे निघालो. या वाक्याकडे मी पुन्हा येणार आहे.

अडचण नेमकी काय होती

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की तिच्या पुढचा भाग एकदम मरत नाही. मधला गाभा लवकर जातो. त्याच्याभोवतीचा भाग आजूबाजूच्या वाहिन्यांतून मिळणाऱ्या थोड्याशा रक्तावर तग धरून असतो. तो काम करत नाही, पण जिवंत असतो. आपली सगळी धावपळ त्या कडेच्या भागासाठी असते.

गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज हे औषध लक्षणं सुरू झाल्यापासून ३ तासांत दिलं तर फायदा होतो, हे १९९५ च्या चाचणीत दिसलं. २००८ मध्ये ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत गेली. साडेचार तासांनंतर सरसकट दिलं तर हिशेब बदलतो: वाचवण्यासारखा भाग कमी उरलेला असतो आणि मेलेल्या भागात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

झोपेत स्ट्रोक आलेल्या माणसाचं घड्याळच हरवलेलं असतं. ढोबळमानाने दर पाच स्ट्रोकमधला एक असा असतो. नियम असा की सुरुवातीची वेळ माहीत नसेल तर शेवटचं ठीक दिसल्याची वेळ हीच सुरुवात धरायची. त्या हिशेबाने या बाई आल्या तेव्हाच त्यांना पावणेआठ ते आठ तास झाले होते. साडेचार तासांची मर्यादा कधीच ओलांडलेली.

खरं तर पहाटेचे पुष्कळसे स्ट्रोक उठायच्या थोडं आधी सुरू झालेले असतात. म्हणजे कागदावर आठ तास आणि मेंदूत कदाचित दोनच. ही तफावत उघड करायचं काम इमेजिंगवर येऊन पडतं. म्हणून "सीटी करायचा की एमआरआय" असं विचारून उत्तर मिळत नाही. आधी ठरवावं लागतं की आपल्याला अजून काय कळलेलं नाही, आणि ते कोणत्या चित्रातून कळेल.

समोर असलेले पर्याय

साधा सीटी. दोन मिनिटांत होतो, चोवीस तास मिळतो, अस्वस्थ रुग्णातही जमतो. १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा सीटी झाला, तेव्हापासून त्याची मुख्य ताकद तीच आहे: ताजं रक्त त्यात पांढरं दिसतं. रक्तस्राव आहे की नाही, हे तो खात्रीने सांगतो. गुठळीमुळे झालेली इजा मात्र पहिल्या काही तासांत त्याला फारशी दिसत नाही. मेंदूत पाणी साठायला लागलं की तो भाग थोडा काळसर होतो. सुरुवातीला हा फरक इतका बारीक असतो की सरावलेली नजरही चकते. करड्या आणि पांढऱ्या भागांमधली रेषा पुसट होणं, डाव्या-उजव्या बाजूंत थोडा फरक दिसणं, वाहिनीतली गुठळीच पांढऱ्या दोरीसारखी दिसणं, अशा खुणांवर भिस्त असते. मधल्या प्रमुख धमनीच्या प्रदेशाचे दहा भाग पाडून खराब दिसणाऱ्या प्रत्येक भागाला एक गुण वजा करण्याची ॲस्पेक्ट्स ही पद्धत २००० सालापासून त्यासाठीच वापरात आहे.

सीटी अँजिओग्राफी. हाताच्या शिरेतून डाय (स्कॅनमध्ये वाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून देतात ते औषध) सोडून छातीच्या वरच्या भागापासून डोक्यापर्यंतच्या धमन्या पाहायच्या. रुग्ण त्याच टेबलवर असतो, पाचेक मिनिटं जास्त लागतात. मोठी वाहिनी बंद आहे का, हे यातून कळतं. २०१५ मध्ये लागोपाठ पाच चाचण्यांनी दाखवलं की मोठ्या वाहिनीतली गुठळी तारेने बाहेर काढण्याचा फायदा मोठा आहे. २०१८ मध्ये डॉन आणि डिफ्यूज-३ या चाचण्यांनी निवडक रुग्णांत ही मर्यादा अनुक्रमे २४ आणि १६ तासांपर्यंत नेली. म्हणजे अँजिओग्राफी न करणं आज परवडत नाही. डायमुळे किडनीला त्रास होईल म्हणून क्रिएटिनिनच्या, म्हणजे किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीच्या, रिपोर्टची वाट पाहण्याची सवय अजून काही ठिकाणी आहे. किडनीचा जुना आजार नसेल तर त्यासाठी थांबू नये, असं मार्गदर्शक तत्त्वंच सांगतात.

सीटी परफ्युजन. पुन्हा थोडा डाय द्यायचा आणि मेंदूच्या त्याच भागांची साधारण मिनिटभर सतत चित्रं घ्यायची. डाय कुठे उशिरा पोचतो आणि कुठे जवळजवळ पोचतच नाही, यावरून सॉफ्टवेअर रंगीत नकाशा काढतं: मेलेला गाभा एवढा, तग धरून असलेला भाग एवढा. २०१९ च्या एक्स्टेंड चाचणीत अशा नकाशांवरून साडेचार ते नऊ तासांतले आणि झोपेतून उठलेले रुग्ण निवडून अल्टेप्लेज दिलं गेलं. झोपेच्या बाबतीत तिथे झोपेच्या मध्यापासून नऊ तास मोजले होते. आमच्या बाईंचा मध्य साधारण २:०५ येत होता, म्हणजे सकाळी ११ पर्यंत हा रस्ता उघडा होता. उणी बाजू अशी की बारीक, खोलवरचे इन्फार्क्ट, म्हणजे रक्ताअभावी मेलेले भाग, यात निसटतात. रुग्ण हलला किंवा हृदयाचं पंपिंग कमजोर असलं तर नकाशा फसवतो.

एमआरआय. यातल्या डिफ्युजन चित्रात पेशींमधल्या पाण्याची हालचाल दिसते. रक्त बंद झालं की पेशींचे पंप थांबतात, पेशी फुगतात, पाणी आतच कोंडतं आणि तो भाग काही मिनिटांतच चमकायला लागतो. २००७ मध्ये स्ट्रोकचा संशय असलेल्या ३५६ रुग्णांचे दोन्ही स्कॅन करून तुलना केली गेली. ताजा इस्केमिक स्ट्रोक एमआरआयवर १६४ जणांत दिसला, सीटीवर ३५ जणांत. दुसरं चित्र फ्लेअरचं. त्यात ऊतकात एकूण पाणी वाढलं की भाग उजळतो, आणि त्याला काही तास लागतात. डिफ्युजन चमकतंय पण फ्लेअर अजून शांत आहे, याचा अर्थ इजा बहुधा साडेचार तासांच्या आतली. हरवलेलं घड्याळ असं मेंदूतूनच वाचता येतं. २०१८ च्या वेक-अप चाचणीत सुरुवातीची वेळ माहीत नसलेले ५०३ रुग्ण या निकषावर निवडले. तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ण बरे झालेले अल्टेप्लेज घेतलेल्यांत शंभरातले सुमारे ५३ होते, न घेतलेल्यांत ४२. मेंदूतला मोठा रक्तस्राव मात्र ४ टक्के विरुद्ध ०.४ टक्के होता, हेही लक्षात ठेवायला हवं.

एमआरआयची किंमत वेळेत मोजावी लागते. शिवाय पेसमेकर, मेंदूतली जुनी क्लिप, कानातलं इम्प्लांट, डोळ्यात गेलेला धातूचा कण, हे सगळं विचारल्याशिवाय रुग्णाला आत नेता येत नाही. वाचा गेलेल्या माणसाला हे विचारणार कसं?

काय केलं, आणि कुठे थांबून ठरवावं लागलं

पहिल्या निर्णयाबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. साधा सीटी आणि लगेच त्याच टेबलवर अँजिओग्राफी. काही केंद्रं थेट एमआरआय करतात. मशीन कॅज्युअल्टीला लागून असेल आणि रात्रीही तिथे पूर्ण माणसं असतील तर ते बरोबरच आहे. आमचं एमआरआय दुसऱ्या मजल्यावर आहे. शिवाय मोठी गुठळी सापडली असती तर पुढचा मार्ग वेगळाच झाला असता.

६:३७ ला सीटी. रक्तस्राव नाही. ॲस्पेक्ट्स ९, डाव्या इन्सुलाची (मेंदूच्या बाजूच्या घडीत दडलेल्या भागाची) कड थोडी पुसट वाटली, तेही आपण तिथेच शोधतोय म्हणून. बाहेर मुलाने विचारलं, "डॉक्टर, सीटी नॉर्मल आहे म्हणजे लकवा नाही ना?" असं विचारणारे नातेवाईक मला दर महिन्याला भेटतात, आणि यावर घाईत उत्तर देऊन चालत नाही. मी सांगितलं की रक्त सांडलेलं नाही एवढंच या चित्राने कळलं. गुठळीचा लकवा इतक्या लवकर सीटीत बहुतेक वेळा दिसत नाही, आणि तो दिसत नाही तोवरच औषधाला वाव असतो.

६:४३ ला अँजिओग्राफी. मानेतल्या धमन्या मोकळ्या, मोठ्या वाहिन्या मोकळ्या. रेडिओलॉजिस्ट मॅडमनी जाड थरांची चित्रं पुन्हा लावून पाहिल्यावर डाव्या मधल्या धमनीची लांबवरची एक फांदी तुटल्यासारखी दिसली. इतक्या बारीक फांदीपर्यंत तार नेणं आम्हाला योग्य वाटलं नाही. मध्यम आणि लांबच्या वाहिन्यांमधल्या गुठळ्या तारेने काढण्याबद्दल २०२५ मध्ये दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या, एस्केप-मेवो आणि डिस्टल. औषधोपचारांपेक्षा जास्त फायदा दोन्हींत दिसला नाही.

दुसरा निर्णय ६:५० चा. मोठी गुठळी नाही, रक्तस्राव नाही, वेळ माहीत नाही. इथे थांबून ॲस्पिरिन देऊन वॉर्डात पाठवणं हा सोपा रस्ता होता, आणि पंधरा वर्षांपूर्वी आम्ही तेच केलं असतं. आता परफ्युजन किंवा एमआरआय.

मी एमआरआय म्हणालो. तेव्हाची माझी कारणं अशी: रात्रपाळीच्या टेक्निशियनने परफ्युजन फार कमी वेळा केलेलं होतं, बंद फांदी छोटी असल्यामुळे तिचा भाग नकाशात नीट उमटेल याची खात्री नव्हती, आणि बाई अस्वस्थ होत्या. पहिली दोन कारणं आजही मला पटतात. तिसरं नाही. हलणाऱ्या रुग्णात परफ्युजन बिघडत असेल, तर एमआरआय त्याहून जास्त बिघडतो. त्या वेळी मला एमआरआय हवाच होता, म्हणून हे कारण मला पटलं. बाई आधीच सीटीच्या टेबलवर होत्या, डायची शीर लावलेली होती. परफ्युजन तिथेच, पाच मिनिटांत झालं असतं.

एमआरआयच्या दारात आम्ही अडकलो. टेक्निशियनने विचारलं, "छातीत काय बसवलंय?" मुलाला सांगता येईना. टेक्निशियन अडला आणि त्याचं बरोबरच होतं; पेसमेकरची खात्री केल्याशिवाय कोणालाही आत घेता कामा नये. मुलाने घरी फोन करून बायकोला आईची जुनी फाईल शोधायला सांगितली. काही मिनिटं नुसती वाट पाहण्यात गेली. शेवटी रेडिओलॉजिस्ट मॅडमना सुचलं: अँजिओग्राफीच्या आधी काढलेल्या स्काऊट फिल्ममध्ये, म्हणजे स्कॅनची हद्द ठरवायला घेतलेल्या साध्या चित्रात, छातीचा वरचा भाग आलेलाच आहे. ती उघडली. गळपट्टीच्या हाडाखाली काही यंत्र नाही, तारा नाहीत. डोक्याच्या सीटीत क्लिप नाही, इम्प्लांट नाही, डोळ्यात धातू नाही. जे हवं होतं ते आमच्याच स्क्रीनवर पाव तास पडून होतं.

७:०८ ला रुग्ण आत. फक्त तीन चित्रं घ्यायची ठरवली: डिफ्युजन, फ्लेअर आणि रक्त दाखवणारं ग्रेडियंट एको. रेसिडेंट आतच थांबली, बाईंचा डावा हात धरून. त्या बऱ्यापैकी शांत राहिल्या. ७:१८ ला चित्रं समोर.

डिफ्युजनमध्ये डावा इन्सुला आणि त्याच्या वरचा फ्रंटल लोबचा तुकडा ठळक चमकत होता. वाचेशी आणि हाताशी जुळणारीच जागा. रक्तस्राव कुठे नाही. फ्लेअर लावलं आणि खोलीत शांतता पसरली.

रेसिडेंट म्हणाली, "सर, थोडं उजळलंय." मॅडम म्हणाल्या, "इन्सुला फ्लेअरवर नेहमीच जरा उजळ दिसतो. उजवीकडे बघ, तिकडेही तसाच आहे." मी पाहिलं, डावा किंचित जास्त वाटला, पण 'किंचित' म्हणजे किती? असे मतभेद नेहमीचे आहेत. २०११ च्या प्री-फ्लेअर अभ्यासात सुरुवातीची वेळ माहीत असलेल्या रुग्णांवर हा निकष तपासून पाहिला होता. साडेचार तासांच्या आतले रुग्ण ओळखण्यात त्याची संवेदनशीलता ६२ टक्के निघाली आणि विशिष्टता, म्हणजे वेळ उलटून गेलेल्यांना बरोबर बाहेर ठेवणं, ७८ टक्के. म्हणजे खरोखर वेळेत आलेल्या शंभर जणांतल्या अडतीस जणांना हा निकष चुकीने बाहेर ठेवतो. फ्लेअर शांत असेल तर बळ मिळतं. फ्लेअर थोडं उजळलं म्हणून वेळ गेलीच असं ठरत नाही. वाद चालू असताना रेसिडेंटला मी हे सांगितलं, पण निर्णय त्याने सुटत नव्हता.

७:२६ ला बाईंची सून धापा टाकत आली, हातात फाईल. सहा वर्षांपूर्वी स्टेंट घातला होता, पेसमेकर नव्हे. फाईल माझ्या हातात देताना ती म्हणाली, "आई सव्वाचारला उठल्या होत्या, तेव्हा तर चांगल्या बोलत होत्या हो."

मी तिला बसवलं. सव्वाचार कशावरून? तिचं बाळ दूध पिण्यासाठी उठलं होतं, मोबाईलवर वेळ पाहिली होती, ४:१४ किंवा ४:१५. आई काय बोलल्या? बाळ का रडतंय विचारलं आणि पाणी मागितलं. पूर्ण वाक्य बोलल्या का? हो, स्पष्ट. ग्लास कोणत्या हातात घेतला? तिने क्षणभर आठवलं आणि स्वतःचा उजवा हात उचलून दाखवला.

शेवटचं ठीक असल्याची वेळ रात्री १०:३० नव्हती. ती पहाटे ४:१५ होती. साडेचार तास ८:४५ ला संपणार होते आणि घड्याळात ७:२८ झाले होते. फ्लेअरचा वाद तिथेच संपला.

धोके आणि फायदे मुलाला आणि सुनेला सांगितले, त्यांची संमती घेतली. वजन ६० किलो, किलोला ०.९ मिलिग्रॅमप्रमाणे एकूण ५४ मिलिग्रॅम. त्यातला दहावा भाग, ५.४ मिलिग्रॅम, ७:३४ ला एकदम शिरेतून, उरलेलं तासाभरात हळूहळू.

निकाल

दीड तासाने उजवी बोटं हलायला लागली. दुपारी त्यांनी मुलाला नावाने हाक मारली. २४ तासांनंतरच्या सीटीत रक्तस्राव नव्हता. इन्सुलाजवळ लहान इन्फार्क्ट दिसत होता. एनआयएचएसएस ११ वरून ४ वर आला. दुसऱ्या दिवशी मॉनिटरवर एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे अनियमित ठोके, ज्यात गुठळ्या होऊ शकतात) पकडलं गेलं, म्हणजे नाडी अनियमित लागत होती त्याचं कारण मिळालं. योग्य वेळी रक्त पातळ करणारं औषध सुरू केलं.

तीन महिन्यांनी त्या स्वतःच्या पायांनी ओपीडीत आल्या. रोजचं सगळं स्वतः करतात. पण नेमका शब्द आठवायला वेळ लागतो, मधेच वाक्य सोडून द्यावं लागतं, आणि उजव्या हाताची सही पूर्वीसारखी येत नाही. रोजच्या जगण्यातलं परावलंबन मोजणाऱ्या रँकिन मोजपट्टीवर २ (शून्य म्हणजे काहीच त्रास नाही). आमच्या भाषेत हा चांगला निकाल. त्यांनी मात्र मला सहा वर्षांपूर्वीच्या फाईलमधली आपली सही दाखवली आणि शेजारी नवी करून दाखवली.

वेगळं काय करता आलं असतं

६:३७ ला साधा सीटी झाला, तेव्हा ४:१५ माहीत असतं तर इंजेक्शन सीटीच्या टेबलवरच ६:४५ च्या सुमारास सुरू झालं असतं. झालं ७:३४ ला. ४९ मिनिटं. मोठी वाहिनी बंद असलेल्या नेहमीच्या स्ट्रोकमध्ये मिनिटाला १९ लाख चेतापेशी मरतात असा २००६ चा अंदाज आहे. या बाईंची बंद फांदी छोटी होती, तो आकडा इथे जसाच्या तसा गुणणं चूक होईल. पण त्या सहीत त्या ४९ मिनिटांचा काही वाटा आहे, असं मला वाटतं.

चूक कुठे झाली ते केसपेपर पुन्हा पाहिल्यावर कळलं. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी मुलाला विचारलं होतं, "झोपल्या कधी?" त्याने खरं उत्तर दिलं: साडेदहा. ते उत्तर 'शेवटचं ठीक असल्याची वेळ' या रकान्यात गेलं. झोपायची वेळ आणि ठीक असल्याची शेवटची वेळ एकच आहेत, हे कोणीच तपासलं नव्हतं. मीही नाही. आणि सूचना तर पहिल्याच वाक्यात होती: त्या पलंगाच्या कडेला बसलेल्या सापडल्या. म्हणजे जागं होऊन, पाय खाली सोडून बसण्याइतकी ताकद त्यांच्यात तेव्हा होती. लक्षणं कदाचित जाग आल्यावरच सुरू झाली असतील. झोपेतून उठलेला स्ट्रोक हे लेबल लावण्याआधी मी या बसण्याचा विचार करायला हवा होता.

आता त्या रकान्यात वेगळे प्रश्न छापलेले आहेत. शेवटचं त्यांना नीट बोलताना-चालताना कोणी स्वतः पाहिलं? किती वाजता, आणि वेळ कशावरून सांगता? रात्रीत मधे त्या उठल्या होत्या का? घरात आणखी कोण होतं, त्यांचा नंबर काय? शेवटच्या प्रश्नासाठी एक माणूस फोन हातात घेऊन उभा राहतो, रुग्ण सीटीला जात असतानाच. त्या पहाटे घरी फोन गेला तो फाईलसाठी. तोच फोन अर्धा तास आधी, वेळेसाठी जायला हवा होता.

दुसरा बदल छोटा, पण रोज उपयोगी पडणारा. अँजिओग्राफी होताच स्काऊट फिल्म आणि डोक्याचा सीटी धातूसाठी वाचून तसं एमआरआयच्या टेक्निशियनला कळवायचं. नातेवाईकांची माहिती अपुरी असली तरी पेसमेकरचा प्रश्न बहुतेक वेळा तिथेच सुटतो. पोटात बसवलेला पंप त्यात दिसणार नाही, हे खरं. म्हणून प्रश्नावली रद्द केलेली नाही, तिचं ओझं कमी केलं आहे.

परफ्युजनबद्दल माझं मत बदललं आहे. वेळ माहीत नाही, मोठी गुठळी नाही आणि रुग्ण टेबलवर आहे, अशा वेळी ते तिथेच करून टाकावं. नकाशा स्पष्ट असेल तर एमआरआयची गरज उरत नाही. नकाशा रिकामा आला आणि लक्षणं ठळक असली तर मग एमआरआय. त्यासाठी रात्रपाळीच्या टेक्निशियनना सराव हवा, तो आता सुरू आहे. लक्षणं चक्कर, तोल जाणं, दोन-दोन दिसणं अशी असती तर मात्र मी परफ्युजनवर विसंबलो नसतो. लहान मेंदू आणि मेंदूचा खोड हा सीटीचा कच्चा दुवा आहे, आणि तिथे पहिल्या दिवशी डिफ्युजनही कधीकधी कोरं येतं.

एक प्रश्न मात्र आमच्या खोलीत अजून मिटलेला नाही. सून आलीच नसती तर? मॅडम म्हणतात, फ्लेअर शांतच होतं, त्यांनी द्या म्हटलं असतं. रेसिडेंट म्हणते, तिने नाही म्हटलं असतं. मी बाईंना पुन्हा खाली नेऊन परफ्युजन केलं असतं, आणखी वीस मिनिटं खर्चून. ते चित्र साठवून ठेवलं आहे, तारीख आणि वेळ झाकून. नवीन रेसिडेंट आले की प्रत्येकाला दाखवतो आणि विचारतो, फ्लेअर उजळलंय का? जवळजवळ निम्मे हो म्हणतात.